काकांची २२५ : दुरुस्तीच्या नोंदी

२ डिसेंबर २०२३, शनिवार
ओडोमीटर २८,४१६

काकांची मोटरसायकल शेडमधून बाहेर काढली. पाच वर्षं एका जागी उभी होती. दोन्ही टायर बसलेत, पुढचा ब्रेक धरून ठेवतोय, ढकलताना चाक कुरकुरतं. २२५ सीसी, एकच सिलिंडर, हवेवर गार होणारं इंजिन, कार्बोरेटर, सहा गिअर, किक आणि सेल्फ दोन्ही. पुढे २१ इंची, मागे १८ इंची तारांची चाकं. पुढे डिस्क, मागे ड्रम. वजन एकशे दहा किलोच्या आसपास, म्हणजे चिखलात आडवी झाली तर एकट्याने उभी करता येते. डांबरी रस्त्यावर रीतसर नंबर प्लेट लावून चालणारी आणि डांबर संपल्यावरही चालत राहणारी ही जात यामाहाच्या १९६८ च्या डीटी-१ पासून सगळीकडे ओळखीची झाली. मला हिच्याबद्दल लहानपणापासून प्रेम आहे, कारण काकांच्या मागे बसून मी पहिल्यांदा ओढा ओलांडला तो हिच्यावरून.

काका स्टूल घेऊन बसले. गुडघ्यामुळे ते आता चालवत नाहीत. पाना हातात घ्यायच्या आधी त्यांना विचारून सगळं लिहून घेतलं. ते म्हणाले तसंच इथे उतरवतो :

"शेवटचं वर्षभर गरम झाली की बंद पडायची. वीस-पंचवीस मिनिटं चालली की संपलं. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. दोनदा कार्बोरेटर साफ करून घेतला, फरक नाही. आणि गरम असताना किकही हलकी लागायची, पाय नुसता खाली जायचा."

इतर तपासणी : बॅटरी ४.१ व्होल्ट, म्हणजे गेली. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वॉर्निशचा वास. ऑइल काळं, पण पाणी मिसळल्याचा दुधट रंग नाही. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर खट असा आवाज येतो, वर उचललं तरी येतो. पुढच्या चाकाच्या दोन तारा हाताला सैल लागतात.

या कामासाठी एक नियम ठरवला. एका वेळी एकच बदल करायचा, आणि बदलाच्या आधीचं आणि नंतरचं माप इथे लिहायचं.

३ डिसेंबर

टाकी रिकामी केली. आत झाकणाच्या कडेला थोडा गंज, तळाला नाही. टाकी भरून ठेवलेली होती, त्यामुळे आत दमट हवेला जागाच कमी मिळाली. काकांची सवय कामी आली. पेट्रोल कॉक उघडला तर आतली जाळी फाटलेली. नवी लागेल.

एअर फिल्टरचा फोम हातात घेताच चुरा झाला. बोटांना चिकट भुसा लागला आणि तेवढाच फिल्टरच्या डब्यात पडलेला होता. हा भुसा पुढे कार्बोरेटरमध्ये जातो, म्हणून डबा ओल्या फडक्याने तीनदा पुसला. नवा फोम तेलात बुडवून, पिळून बसवायचा. कोरड्या फोममधून बारीक धूळ सरळ आत जाते, ती अडते तेलाला चिकटून. फोमच्या कडेला, जिथे तो डब्यावर टेकतो, तिथे ग्रीसचं बोट फिरवलं. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनाचं आयुष्य या दहा मिनिटांच्या कामावर फार अवलंबून असतं.

९ डिसेंबर, शनिवार

कार्बोरेटर काढला.

तळाच्या वाटीचे चार स्क्रू पाहून हात थांबला. चारातल्या दोघांचे खाच आधीच खाल्लेले. जपानी गाड्यांवरचे जुने अधिक-चिन्हाचे स्क्रू फिलिप्स नसतात, ते जेआयएस मापाचे असतात. बऱ्याच स्क्रूंच्या माथ्यावर एक बारीक ठिपका असतो, ती त्यांची खूण. फिलिप्सचं टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की वर चढतं आणि खाच खरवडतं. लोक म्हणतात स्क्रू मऊ आहेत. पेचकस चुकीचा असतो. जेआयएसचं टोक लावलं, माथ्यावर हातोडीने हलकी थाप दिली आणि दोन चांगले स्क्रू सहज सुटले. खाल्लेले दोन छोट्या ग्रिप पकडीने बाजूने धरून फिरवले. परत बसवताना चारही ठिकाणी ॲलन बोल्ट लावले.

आत हिरवट थर. पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल ज्यातून येतं तो) प्रकाशापुढे धरला तर आरपार काहीच दिसेना. हे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं आणि पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारा राळेसारखा थर आधी तेच बुजवतो. मेन जेट मोठा, तो उघडाच होता. म्हणून अशी गाडी थ्रॉटल उघडल्यावर कशीबशी चालते आणि सोडला की बंद पडते.

जेटमध्ये तार घालायचा मोह होतो. घातली नाही. पितळ मऊ, भोक कणभर मोठं झालं की मिश्रणाचा हिशेब कायमचा बिघडला. क्लीनरमध्ये रात्रभर ठेवला.

१० डिसेंबर

सकाळी जेटमधून हवा मारली. उजेडाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसला. काकांनाही दाखवला, त्यांनी चष्मा लावून पाहिला.

फ्लोटची सुई, सगळे ओ-रिंग नवे. डायफ्राम उजेडात ताणून पाहिला, भोक नाही. फ्लोटची उंची पुस्तकाप्रमाणे. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी आत पूर्ण बसेपर्यंत मोजला : दोन फेरे. तसाच परत ठेवला.

नवी बॅटरी, नवा प्लग (फट ०.७ मिमी), ताजं पेट्रोल. ऑइल बदललं. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडलेले असतात, म्हणून डब्यावर जेआसो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचला चालणारी मानकं) पाहूनच घ्यायचं. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि त्यांनी क्लच प्लेट घसरायला लागतात.

आठव्या किकला सुरू झाली. चोकवर, मग चोकशिवायही. काका काही बोलले नाहीत, स्टुलावरून उठून टाकीवर हात ठेवून उभे राहिले. स्टार्टिंग उत्तम, थ्रॉटलला प्रतिसाद चांगला. स्टँडवर पाच मिनिटं चालवून बंद केली. व्होल्टमीटरवर चार्जिंग १४.२.

१६ डिसेंबर, शनिवार
ओडोमीटर २८,४३१

पुढचा ब्रेक आधी मोकळा केला (त्याची नोंद पुढे एकदम लिहीन) आणि जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या. बाविसाव्या मिनिटाला बंद पडली. काकांनी सांगितलं होतं अगदी तसंच. एखाद्याने चावी फिरवावी तशी झटक्यात नाही. आधी आयडलिंग डळमळलं, मग दम सुटल्यासारखं इंजिन बसलं.

रस्त्याच्या कडेला जे तपासता आलं ते या क्रमाने तपासलं.

टाकीचं झाकण उघडलं. त्यातली हवेची वाट बुजली असेल तर आत पोकळी होते, पेट्रोल उतरत नाही, आणि झाकण उघडताना हवा ओढल्याचा आवाज येतो. आवाज नाही. सुरूही झाली नाही. टाकी बाद.

वाटीचा निचरा स्क्रू सैल केला. पेट्रोल धारेने आलं. पुरवठा बाद.

प्लग काढून थोडा वेळ थांबलो, पेट्रोलचा वास गेल्यावर प्लगच्या भोकावर फडकं दाबलं आणि प्लग हेडला लांब टेकवून किक मारली. ठिणगी निळी, जोरदार. गरम झाल्यावर पिकअप कॉइल (ठिणगीची वेळ कळवणारी) दगा देते हा माझा मुख्य संशय होता. तोही बाद.

आणि प्लग परत बसवून पुन्हा किक मारली तेव्हा पायाला जाणवलं ते काकांचं वाक्य होतं. किक हलकी लागत होती. पाय नुसता खाली जात होता. पहिल्याच दिवशीच्या नोंदीत हे लिहिलेलं आहे. मी कार्बोरेटरच्या मागे गेलो कारण सगळे कार्बोरेटरबद्दल बोलत होते.

ढकलत घरी आणली, दीड किलोमीटर. पोचल्यावर इंजिन कोमटच होतं. उरलेल्या बॅटरीवर स्टँडवर वीस मिनिटं चालवून पुन्हा बंद पाडली आणि लगेच कॉम्प्रेशन गेज लावला, थ्रॉटल पूर्ण उघडा : ७ किलो (दर चौरस सेंटीमीटरला). रात्री पूर्ण गार झाल्यावर तेच माप : ११ किलो.

चार किलो गरमीत कुठेतरी निसटतात.

१७ डिसेंबर, रविवार

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट. मोजताना इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, हाताला कोमट लागलं तरी माप खोटं येतं.

टाकी काढली, दोन्ही टॅपेट कव्हर काढले, प्लग काढला म्हणजे क्रँक हलका फिरतो. डाव्या बाजूची दोन झाकणं उघडून क्रँक हळू फिरवत फ्लायव्हीलवरची टी खूण (पिस्टन अगदी वर असल्याची) खाचेसमोर आणली. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो : एकदा कॉम्प्रेशन संपताना, एकदा एक्झॉस्ट संपताना. खूण दोन्ही वेळा जुळते, मोजायचं फक्त कॉम्प्रेशनच्या वेळी. ओळखायचं असं की दोन्ही रॉकर बोटाने किंचित खुळखुळायला हवेत. इनटेकचा खुळखुळला. एक्झॉस्टचा नाही. एक पूर्ण फेरा फिरवून पाहिला, तिथे दोन्ही घट्ट. परत पहिल्या जागी आलो. इनटेक सैल, एक्झॉस्ट घट्ट.

या गाडीचं पुस्तकातलं माप : इनटेक ०.०५ ते ०.०९, एक्झॉस्ट ०.११ ते ०.१५ मिमी.
मिळालेलं माप : इनटेक ०.१०. एक्झॉस्टमध्ये फिलर गेजची ०.०४ ची पातीसुद्धा जाईना. त्याहून पातळ पाती माझ्याकडे नाही. शून्य धरतो.

आता सगळं जुळतं. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांवर आपटून झिजतात. व्हॉल्व्ह बैठकीत खोल जातो, त्याची दांडी तेवढीच वर सरकते आणि रॉकरखालची फट खाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त तापतो. तापला की दांडी लांबते. फटच उरलेली नसेल तर रॉकर तिला अडवतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन तिथून निसटतं, इंजिन दम सोडतं, किक हलकी होते. गार झालं की दांडी आखडते, व्हॉल्व्ह मिटतो, गाडी पुन्हा चालू. कार्बोरेटर दोनदा साफ करून काय होणार होतं?

भीती वेगळीच आहे. व्हॉल्व्हमधली बरीचशी उष्णता तो बैठकीला टेकलेला असताना हेडमध्ये उतरते. जो टेकतच नाही त्याची कड जळते. जळाली असेल तर फट देऊनही गळती थांबणार नाही आणि हेड उतरवावं लागेल.

लॉकनट सैल केला, चौकोनी माथ्याचा ॲडजस्टर फिरवून ०.१३ ठेवली. नट आवळताना ॲडजस्टर बरोबर फिरतो आणि माप बदलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. तीनदा करावं लागलं. पाती ओढताना किंचित रोध लागला पाहिजे, लोण्यातून सुरी जावी तितकाच. इनटेक ०.०७.

काका म्हणाले, "पूर्वी टकटक आवाज यायचा बघ टॅपेटचा. मग हळूहळू बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, गाडी शांत झाली."

सैल टॅपेट आवाज करून सांगतं. घट्ट झालेलं गप्प होतं, आणि नुकसान त्याचंच मोठं.

संध्याकाळी पस्तीस मिनिटं चालवली. बंद पडली नाही. गरम कॉम्प्रेशन : ११ किलो. कड वाचली असावी. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजायचं. फट तेवढ्यात पुन्हा कमी झाली तर बैठक खचत चालली आहे असं समजायचं.

२० डिसेंबर

थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट, आणि आयडलिंग एकदम खाली न येता थोडा वेळ वरच लटकतं. पेट्रोल कमी, हवा जास्त. जेट स्वच्छ आहेत, मग हवा दुसरीकडून येत असणार. पाण्याच्या बारीक फवाऱ्याने कार्बोरेटर आणि हेडमधल्या रबरी जोडावर थोडं थोडं पाणी मारलं. खालच्या बाजूला मारताच आयडलिंग बदललं. क्लीनरचा स्प्रेही चालतो, पण तापलेल्या सायलेन्सरजवळ पेट घेणारं काही उडवायला मी तयार नाही. जोड काढून वाकवला तर आतून तीन सेंटीमीटरची भेग. नवा बसवला, फटफट गेली.

२४ डिसेंबर, रविवार

मागचं चाक, शॉकॉबसर, लिंक आणि चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म). खट आवाज इथला.

शॉकॉबसरचा खालचा बोल्ट सुटला, लिंकचे बोल्ट सुटले. चिमट्याचा मुख्य बोल्ट मात्र हलत नाही. फ्रेमच्या एका बाजूने आत जाऊन, चिमट्यातून आणि इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या कानांतून जाऊन दुसऱ्या बाजूला निघणारा हा लांब पोलादी बोल्ट. नट सहज निघाला. बोल्ट म्हणजे गाडीचाच अवयव झालाय.

दोन्ही टोकांवर पांढऱ्या रंगाने रेघ मारली, लांब दांडा लावून माथा फिरवला. माथ्याकडची रेघ दहा अंश फिरली आणि दांडा सोडल्यावर परत आली. दुसऱ्या टोकाची रेघ जागेवर. म्हणजे बोल्ट फिरत नाही, पिळला जातोय. तिथेच थांबलो. आणखी जोर दिला असता तर माथा तुटून हातात आला असता आणि उरलेला बोल्ट आत राहिला असता.

जिथे जिथे फट दिसते तिथे गंज सोडवणारं तेल सोडलं.

२५ ते २८ डिसेंबर

रोज सकाळ-संध्याकाळ तेल. गाडी एकदा डाव्या, एकदा उजव्या अंगावर कलती ठेवून, म्हणजे तेल दोन्हीकडून आत झिरपेल. प्रत्येक वेळी दांड्याने दोन्ही दिशांना हलका पीळ. हातोडी नाही. काकांचं रोजचं सांगणं, "तेलाला वेळ दे."

२७ ला दुसऱ्या टोकाची रेघ केसभर सरकल्यासारखी वाटली. फोटो काढून आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहिलं. खरंच सरकली होती.

२९ डिसेंबर

आज उष्णता दिली. पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर गाडीवर नाहीतच, तरी उघडी ज्योत वापरली नाही, हीट गन घेतली. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून बोल्ट न तापवता त्याच्याभोवतीचा इंजिनचा कान तापवायचा. पाच मिनिटं, मग दांडा.

कर्र असा लांब आवाज झाला आणि दोन्ही रेघा बरोबर फिरल्या.

पण फिरणं म्हणजे निघणं नव्हे. बोल्ट आता आतल्या नळीसकट फिरत होता. नळीला तो गंजाने चिकटलेला, आणि नळी सुई-बेअरिंगमध्ये गरगर फिरते. नट परत आट्यांवर चढवला, टोकाशी सपाट होईल इतकाच, म्हणजे ठोकताना आटे पसरणार नाहीत. त्यावर पितळेचा दांडा ठेवून ठोकलं. काकांनी पलीकडून बॅटरीचा झोत धरला होता. "आला, आला, दोन मिलिमीटर आला," हे ते इतक्या आनंदाने म्हणाले की मी हातोडी खाली ठेवून आधी तिकडे जाऊन पाहिलं.

पुढचा सव्वा तास : तेल, एक फेरा पिळणं, चार घाव, पुन्हा तेल. सहा वाजून दहा मिनिटांनी बोल्ट हातात. मधल्या भागात गंजाचे खोल खड्डे, नखाला अडकतात. पुन्हा वापरायचा नाही. नवा बोल्ट, नळ्या, सुई-बेअरिंग आणि सील मागवले.

६ जानेवारी २०२४

भाग आले. आधी लिंक उघडली. एका बेअरिंगच्या सुया तांबड्या भुकटीत सुट्या पडलेल्या. ग्रीसचा मागमूस नाही.

चिमट्याला एकच शॉकॉबसर लावायची कल्पना यामाहाने बेल्जियन इंजिनिअर लुसिएन टिल्केन्स यांच्या रचनेवरून १९७० च्या दशकात मोटोक्रॉसमध्ये आणली. पुढे १९८० च्या आसपास होंडाची प्रो-लिंक, कावासाकीची युनि-ट्रॅक, सुझुकीची फुल फ्लोटर या लिंकच्या रचना आल्या. लिंकमुळे चाक जसजसं वर जातं तसतसा शॉकॉबसर जास्त रोध देतो : छोट्या खड्ड्यांना मऊ, मोठ्या उडीला कडक. पण हे सगळे सांधे चाकापुढे, चिखलपाण्याच्या माऱ्यात, खाली बसवलेले असतात. त्यांना ग्रीस द्यायला सगळं उघडावं लागतं, आणि म्हणून कोणी देत नाही.

जुनी बेअरिंग काढायला व्हाइस आणि गोटी पान्याच्या दोन गोट्या (सॉकेट) : ढकलायला बेअरिंगहून किंचित लहान, पलीकडे झेलायला मोठी. नवी बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये होती, चिमटा उन्हात. व्हाइसने सरळ दाबून आत सरकवली, एकही वाकडी झाली नाही. पाण्याने न धुपणारं ग्रीस सुयांमध्ये बोटाने दाबून भरलं. बोल्टलाही अंगभर लावलं. हा पुन्हा कधी असा अडकू नये.

लिंक जोडायच्या आधी चेनचं काम उरकलं, कारण हीच योग्य वेळ. जुनी चेन ४२८. यातला ४ म्हणजे चार-अष्टमांश, अर्थात अर्धा इंच, १२.७ मिमी. वीस कड्यांची लांबी नवीन असताना २५४ मिमी, इथे ताणून २५९.५. पुढच्या स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलले, जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

चेनचा ढिलेपणा : पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत घट्ट होते. इतकं वर-खाली होणाऱ्या चाकाला ही गोष्ट विसरून चालत नाही. शॉकॉबसर सुटा असल्यामुळे चिमटा हाताने उचलून तीन केंद्रं एका रेषेत आणली, तिथे थोडासा ढिलेपणा राहील अशी चेन लावली. मग सगळं जोडून, गाडी साइड स्टँडवर ठेवून मोजलं : ३८ मिमी. आता पुढे दरवेळी स्टँडवर ३८ पाहिलं की पुरे.

चाक आडवं हलवलं. खट नाही. वर उचललं. नाही.

१३ जानेवारी

ब्रेकची राहिलेली नोंद. कॅलिपर उघडण्याआधी, होज जोडलेला असतानाच लिव्हर दाबून दाबून पिस्टन बाहेर आणला होता. होज सुटल्यावर अडकलेला पिस्टन काढणं अवघड. सीलच्या खाचेत पांढरा कठीण थर साठलेला. ते सील चौकोनी काटछेदाचं असतं. दाबताना पिस्टनबरोबर किंचित वाकतं आणि सोडल्यावर परत सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. थरामुळे त्याला वाकायला जागाच नव्हती, म्हणून ब्रेक धरून राहायचा. खाच लाकडी काडीने खरवडली, नवं सील, सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस.

नवं डॉट ४ ब्रेक ऑइल भरलं. हे द्रव हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, ओल धरल्यावरचा किमान १५५. जुनं काढलेलं द्रव चहाच्या रंगाचं होतं.

१४ जानेवारी

तारा. चाक फिरवत पान्याने प्रत्येक तार हलकी वाजवली. घट्ट तार टणक वाजते, सैल तार बद्द वाजते. पुढे चार, मागे सात बद्द. सैल तारांना पाव-पाव फेरा, पुन्हा वाजवणं, पुन्हा पाव. फोर्कला पट्टी बांधून रिमची वळवळ पाहिली, दीड मिमीच्या आत आली. नवे टायर, नव्या ट्यूब, दोन तास.

२० जानेवारी

कार्बोरेटरच्या हवेच्या दोन्ही नळ्या खाली लोंबतात. ओढ्यात त्यांची तोंडं पाण्याखाली गेली की वाटीतल्या पेट्रोलला हवा मिळत नाही आणि इंजिन पाण्याच्या मधोमध बंद पडतं. प्रत्येक नळीत टी-जोड घालून एक फाटा वर टाकीखाली नेला, खालचा तसाच ठेवला. काकांनी हे पाहून विचारलं, "म्हणजे त्या ओढ्यात ती बंद पडली होती, ती याच्यामुळे?" बहुतेक हो. तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि त्यांनी मला खांद्यावर घेऊन गाडी ढकलत बाहेर काढली होती.

१८ फेब्रुवारी, रविवार
ओडोमीटर २९,०२२

पाचशे नव्वद किलोमीटर झाले, त्यातले निम्मे तरी कच्चे. एकदाही बंद पडली नाही. ओढाही ओलांडला, पाणी गुडघ्याच्या जरा खाली होतं.

रात्रभर गार करून सकाळी टॅपेट उघडले. काका माझ्या आधीच शेडमध्ये होते. टी खूण जुळवली, दोन्ही रॉकर खुळखुळतात.

इनटेक ०.०७.
एक्झॉस्ट : ०.१३ ची पाती त्याच रोधाने गेली. ०.१४ गेली नाही. ०.१२ सैल.

बैठक खचत नाही. हेड उतरवायचं काम नाही.

गार कॉम्प्रेशन ११, फेरी मारून आल्यावर गरम ११. मागच्या चाकाच्या तीन तारा नव्याने सैल, पाव फेरा दिला. चेन ३८ वरून ४१, परत ३८ केली. ब्रेक लिव्हर घट्ट.

इंजिन गरम असतानाच काकांना म्हटलं, किक मारून बघा. उजव्या पायाला काही होत नाही, दुखतो तो डावा. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि इंजिन बंद ठेवून किक हळू दाबली. पाय अर्ध्यावर अडला. कॉम्प्रेशनने त्यांचं सगळं वजन तोलून धरलं आणि मग सावकाश खाली सोडलं.

"हं," ते म्हणाले, "ही अशी होती."

बाकी काम : स्पीडोमीटरची केबल कोरडी वाजते. फोर्कचं ऑइल पुढच्या महिन्यात. पुढचं टॅपेट ३२,००० ला.